पुढचं वेळेअभावी

आईची वाचा गेली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या चर्चचे सेक्रेटरी सहा सफरचंदं घेऊन घरी आले आणि तिची जागा मागायला बसले.

जागा म्हणजे खुर्ची नव्हे, पद तर नव्हेच. आमच्या मराठी मंडळीत आईला कुणी कधी पद दिलं नव्हतं. जागा म्हणजे सकाळी पावणेसहाची फोनची लाईन. लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप लागलं तेव्हा ती आईने सुरू केली. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली आणि आमचं अंधेरीतलं मरोळ, जिथे जिथे मंडळीतली माणसं पांगली होती तिथून पंचवीस-तीस जण एका नंबरावर जोडले जायचे. एक गीत, नव्या कराराचा एक अध्याय, त्यावर आईचं पाच मिनिटांचं मनन, मग प्रार्थनेच्या विनंत्या, शेवटी प्रभूची प्रार्थना. सव्वासहाला सगळे मोकळे, कारण डबे भरायचे असत. रविवार सोडून रोज. करार संपला की पुन्हा पहिल्या पानापासून. कुलूप निघालं, पाळकसाहेब परत उभे राहून उपदेश करू लागले, तरी लाईन चालूच राहिली. पाच फेऱ्या झाल्या होत्या, सहावी सुरू होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी होती, तर त्या दिवशी तिने अख्खा अध्याय पाठ म्हटला होता.

आई महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होती, त्यामुळे लहानथोर सगळे तिला सिस्टर म्हणत. तिची आई, म्हणजे माझी आजी, नगरकडे बायबल बाई होती. नऊवारी नेसून, काखेत पुस्तक मारून ती खेड्याखेड्यांत चालत जायची आणि बायकांना ओसरीवर, विहिरीवर, जिथे भेटतील तिथे वाचून दाखवायची. आईच्या हिशेबाने ते पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आजीकडून तिच्याकडे आलं. माझ्याकडे यायचं मात्र ते राहून गेलं. मी गोरेगावला मालिकांच्या सेटवर प्रॉम्प्टिंग करते. नटीला वाक्य आठवलं नाही की कॅमेऱ्यामागून मी ते पुरवते. चर्चशी माझा संबंध नाताळापुरता उरला होता. त्यातून मी घटस्फोटित. मंडळीतल्या बायका मला विनंत्यांच्या यादीत घालायच्या, आजाऱ्यांच्या आणि प्रवासाला गेलेल्यांच्या मध्ये कुठेतरी.

"सिस्टरनी खूप केलं," सेक्रेटरी म्हणाले. "पण आता लाईन बंद पडली तर लोकांची सवय मोडणार ना? माझा भाचा सेमिनरी करून आलाय. झकास बोलतो. उद्यापासून त्याच्याकडे देऊन टाकू."

आयत्या बिळावर नागोबा, असं मनात आलं, पण मी चहा ओतत राहिले. खरं सांगायचं तर लाईन माझ्या गळ्यात पडणार नाही म्हणून मला हलकंच वाटलं होतं. आई पलंगावर टेकून बसली होती. अर्धांगाने तिचा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही नेलं होतं. तिने डाव्या हाताने उशीखालची जाड वही ओढून काढली, माझ्या मांडीवर टाकली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

सेक्रेटरी हसले. "अगं, त्यांना आता काय कळतंय," असं मला म्हणाले, तिच्या देखत.

"सगळं कळतंय, काका. उद्यापासून लाईन मी घेते."

त्या क्षणी मला देव आठवला नव्हता, राग आला होता. पाचारण असंही येतं का, ते जाणकारांनी ठरवावं.

कमिटीने रविवारी बसून मला दोन महिने दिले, चाचणी म्हणून. अटीही घातल्या. क्रम सोडायचा नाही, वचन गाळायचं नाही, आणि भाचा लाईनवर राहून मार्गदर्शन करेल. आईला पाच वर्षांत कुणी मार्गदर्शन केलं नव्हतं. मार्गदर्शन म्हणजे काय ते पहिल्याच सकाळी कळलं. माझं वाचून झालं की भाचा घसा खाकरायचा आणि मूळ ग्रीक शब्द काय होता ते सांगायचा.

माझं स्वतःचं मनन कुठलं असणार? मी आईच्या पाचव्या वहीतलं वाचत असे. प्रत्येक फेरीला एक वही, प्रत्येक अध्यायाला एक पान, वर तारीख. आईचं लिहिणं म्हणजे नर्सचं लिहिणं. उपमा नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. विश्वासूपणावरच्या एका पानावर तिने लिहिलं होतं: ड्युटी संपली तरी रिलीव्हर येईपर्यंत वॉर्ड सोडता येत नाही. ती आली की पेशंट दाखवायचे, औषधं दाखवायची, रजिस्टरमध्ये चार्ज देणारीने सही करायची आणि चार्ज घेणारीने सही करायची. मग घरी जायचं. देवाला याहून जास्त काही नको आहे. हे वाचताना मी अडखळले आणि मुलुंडच्या मावशी लाईनवर म्हणाल्या, "होतं गं, होतं. पुढे वाच."

मी वाचायचे तेव्हा आई शेजारी बसून ऐकायची, फोन आमच्या दोघींच्या मध्ये. दिवसा मी तिच्याकडून शब्द काढायचा प्रयत्न करायचे. धंद्याची सवय. ती खिडकीकडे बघायची, मी म्हणायचे, "पडदा? पंखा? पाणी?" तिला नेमकं चौथं काहीतरी हवं असायचं. एकदा मी तिच्या तोंडात इतके शब्द कोंबले की तिने चमचा फेकून मारला. नेम चुकला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे आमच्या घराण्याला तंतोतंत लागू आहे. पण अडीच महिने तिच्या तोंडून एक धड शब्द आला नव्हता, आणि आता येणारही नाही असं मी मनाशी धरून चालले होते.

दोन महिने भरायला चार दिवस उरले होते तेव्हा तो अध्याय आला. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला चौदावा. सेटवर लाईट लावत होते तेवढ्यात फोनवर सेक्रेटरींचा मेसेज आला, सगळ्या ग्रुपला: उद्याचा अध्याय पूर्ण वाचावा. एकही वचन गाळू नये.

असं का लिहिलंय, म्हणून मी तिथेच अध्याय उघडला. तेहतीस वचनं ठीक होती. चौतिसाव्यात आणि पस्तिसाव्यात लिहिलं होतं की बायकांनी मंडळीत गप्प बसावं, आणि काही जाणून घ्यायचं असेल तर घरी आपल्या नवऱ्याला विचारावं.

घरी येऊन मी आईच्या पाचही वह्या काढल्या. त्या अध्यायाची पाचही पानं बघितली. पहिल्या वहीत तेहतिसाव्या वचनापर्यंतचं सुंदर मनन होतं आणि खाली एक ओळ: पुढचं वेळेअभावी. दुसऱ्या वहीत तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वहीत तेच. पुढचं वेळेअभावी. जी बाई डोळ्याला पट्टी बांधून अध्याय पाठ म्हणते, तिला पाच वेळा दोन वचनांपुरता वेळ मिळाला नाही!

मी चिडले. जेवताना तिच्याशी भांडले, म्हणजे मीच दोन्हीकडून बोलले. "घाबरलीस ना? रोज सकाळी सगळ्यांना शिकवत होतीस आणि इथे येऊन पळालीस. सेक्रेटरींना, कमिटीला, सगळ्यांना माहीत होतं गं. पाच वर्षं ते बघत होते, आणि आता माझ्यावर काढतायत." आईने ताट बाजूला सारलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हलत होते. मी सवयीने पुरवलं, "भीती वाटली? लाज वाटली?" तिने डावा तळहात माझ्या तोंडावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मग कूस बदलून झोपली.

सकाळी लाईनवर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. बोरिवलीच्या ताईंनी गीत सुरू केलं, बाकीच्या बायकांनी उचललं. मी अध्याय वाचला. सगळा वाचला, चौतीस, पस्तीस, शेवटच्या वचनापर्यंत. सावकाश, जसं नटीला पहिल्यांदा वाक्य सांगते तसं. मग म्हटलं:

"घरी नवऱ्याला विचारा असं लिहिलंय. माझा सोडून गेला. आईचा स्वर्गात आहे, तिथे रेंज नाही. तरी वचन गाळायचं नाही असं कमिटीने सांगितलंय, म्हणून मी ते पाळते. आतापासून मी गप्प. बहिणींनो, तुम्हीही गप्प बसा. पुढची उपासना बंधुजनांनी चालवावी."

आणि मी तोंड मिटलं.

लाईनवर बंधुजन होते चार. सेक्रेटरी, भाचा आणि आणखी दोघे, जे पाच वर्षांत आमेनपलीकडे काही बोलले नव्हते. आधी कुणाच्या तरी घरच्या नळाचा आवाज आला. मुलुंडला कुकरची शिट्टी झाली. आमच्या डोक्यावरून विमान गेलं. मग भाचा म्हणाला, "हॅलो? ऐकू येतंय का सगळ्यांना?" उत्तर नाही. त्याने ग्रीक शब्दापासून सुरुवात केली. नेहमी त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर बायकांचे हुंकार यायचे, आज एकही नाही, आणि हुंकाराशिवाय त्याला आपलं वाक्य संपलं की नाही तेच कळेना. "आमेन म्हणा, मंडळी," तो म्हणाला. दोन पुरुष आमेन म्हणाले. "विनंत्या?" विनंत्या कोण सांगणार? कुणाचा मुलगा परीक्षेला बसलाय, कुणाच्या सासूची शुगर वाढलीय, हे सगळं बायकांनाच ठाऊक. सेक्रेटरींनी गीत धरलं, इतक्या वरच्या पट्टीत की दुसऱ्या ओळीला आवाज फाटला आणि त्यांनी ते सोडून दिलं. "वाट लावली यार," असं कुणीतरी पुटपुटलं, बहुतेक भाचाच.

मी खूश होते. इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. माझ्या आजीच्या, आईच्या आणि माझ्या वतीने मी चार माणसांना नुसत्या तोंड मिटण्याने गप्प केलं होतं. मी अभिमानाने आईकडे बघितलं.

आई हसत नव्हती. तिने माझ्याकडे जसं बघितलं, ते बघणं मला लहानपणापासून ओळखीचं आहे. कामावरून घरी आली की ती सांगायची, आज अमकी वॉर्ड सोडून चहाला गेली होती. ते सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा. लाईनवर चाळीस माणसं होती, सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, सासूची शुगर आणि पोराची परीक्षा तशीच पडून होती, आणि मी माझा मुद्दा जिंकत बसले होते.

तिने फोन डाव्या हाताने जवळ ओढला. घशातून खरखर आली. मग एक अर्धा शब्द. मला कळलं ती काय म्हणू बघतेय, आणि सवयीने माझे ओठ तो शब्द पुरवायला हलले. पण मी गप्प राहायचं जाहीर केलं होतं. पुरवता येईना. ती थांबली, पुन्हा सुरू झाली. पित्या, असं ऐकू आलं, वेडंवाकडं, पण पित्याच. ती प्रभूची प्रार्थना म्हणत होती. कुणी पुरवत नव्हतं आणि तिला शब्द सापडत होते, एकामागून एक, अंधारात भिंत चाचपत गेल्यासारखे. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हे होतं, आयुष्यभर पाठ म्हटलेलं कधीकधी शाबूत राहतं. असेल. रोजची भाकर मागायच्या ओळीपर्यंत ती एकटी गेली. भाकर हा शब्द तिने अख्खा म्हटला.

तिथे मुलुंडच्या मावशींचा बांध फुटला. "सिस्टर! अगं बाई, सिस्टर बोलतायत!" असं ओरडून त्या रडत रडत प्रार्थनेत शिरल्या. मग बोरिवली, मग घाटकोपर, मग सगळ्याच. सेक्रेटरीही होते त्यात, ऐकू आले मला. मी सगळ्यात शेवटी शिरले, दुसऱ्यांना क्षमा करण्याच्या ओळीवर. ती ओळ मला तेव्हा म्हणायची नव्हती आणि अजूनही रोज जड जाते. म्हटली. आमेन झालं. मग मी म्हणाले, "विनंत्या राहिल्यात. सासूबाईंची शुगर कुणाची होती?" त्या दिवशी लाईन सात वाजेपर्यंत चालली आणि बऱ्याच घरांत डबे उशिरा भरले गेले.

चार दिवसांनी दोन महिने भरले. कमिटीकडून कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. भाचा अजून लाईनवर असतो. आता तो ग्रीक शब्द मी विचारला तरच सांगतो.

पण त्याच दिवसाचं एक सांगायचं राहिलं. फोन ठेवल्यावर मी आईची सहावी वही उघडली. तिच्या आजारपणापासून तिची पानं कोरी होती, मी त्यात कधी लिहिलं नव्हतं. मी तारीख घातली आणि खाली लिहिलं: अध्याय पूर्ण वाचला. गप्प बसणं जमलं नाही.

आईने वही मागितली. वाचली. पेन मागितलं, आणि डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, पानाच्या तळाशी सही केली. मला वाटलं, झालं, दमली असेल. तिने पेन माझ्यापुढे धरलं आणि सहीच्या शेजारची मोकळी जागा बोटाने ठोकून दाखवली. मी तिथे सही केली.