पेडलला चिकटलेला जावई

नट-बोल्टच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. आनंदनगर एमआयडीसीत बावीस वर्षं फिटर आहे मी! त्यामुळे पेडलमध्ये खट्कन अडकणारे सायकलिंगचे बूट, त्यांच्या खास पेडलांसकट, आणले, तेव्हा सोबतचं माहितीपत्रक उघडलंसुद्धा नाही.

ते वाचलं माझ्या बायकोने, सुजाताने. "अहो, सुरुवातीला पेडलची स्प्रिंग सैल ठेवा म्हणतायत. पाय काढताना टाच बाहेर फिरवायची. आधी भिंतीला धरून प्रॅक्टिस करा."

"सैल? माझ्या हातचं काही सैल नसतं!" असं म्हणून मी पेडलं बसवली आणि दोन्हीकडचे स्प्रिंगचे स्क्रू करकचून आवळले. (पेडल बसवताना डाव्या बाजूचे आटे उलटे फिरतात, हे मला अर्धा तास घाम गाळल्यावर कळलं. ते तिला सांगितलं नाही.)

रविवारी सकाळी शिरगावातून निघालो तो थेट सोनिवलीला, सासुरवाडीला. सायकल नुसती पळत होती! अंगणात शिरलो, ब्रेक दाबला, पाय टेकवायला गेलो... पाय सुटेचना! टाच आत की बाहेर, तेच आठवेना!

"या जावईबापू, उतरा!" सासरे म्हणाले.

"उतरतोच आहे!" म्हणालो आणि सायकलसकट सावकाश आडवा झालो. कुठे? सासूबाईंनी वाळत घातलेल्या वर्षभराच्या कुरडयांवर!

"अगं बाई, फार मोडलं का गं?" सासूबाई धावत आल्या. (हे त्या कुरडयांना विचारत होत्या!)

सासऱ्यांनी माझा पाय ओढला, सासूबाईंनी सायकल. मी मधल्या मध्ये ताणला गेलो, बूट ढिम्म. शेवटी पडल्या पडल्या सुजाताला फोन लावला.

"अगं, अडकलोय!"

"पाय अडकलेत की बूट?"

"बूट."

"मग बुटातून पाय काढा ना!"

बूट पेडललाच लटकत राहिले आणि मी मोज्यांवर उभा राहिलो. तासाभरात सुजाता रिक्षाने आली. तिने स्क्रू सैल केले आणि आईवडिलांदेखत मला त्याच बुटांत, भिंतीला धरून सायकलवर बसवलं. "टाच बाहेर! अहो, बाहेर!" आता सासूबाईही ओरडायला लागल्या होत्या.

सोमवारी लंगडत कंपनीत गेलो.

"काय झालं?" सुपरवायझरने विचारलं.

"सायकलवरून पडलो, साहेब."

"बाप रे! किती स्पीडला होती?"

हातातली कामं थांबवून सगळे माझ्याकडे बघत होते.

"उभी होती," मी म्हणालो.