जिन्यावरून परत गेलेले अब्राहमकाका

रूबेनचे वडील वारले त्या दिवशी पुण्यातल्या मंडळाच्या घरात आम्ही दहा जण राहत होतो. तार आली. रूबेन गावी गेला. आठव्या दिवशी परत आला.

त्यानंतर काय झालं ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. रूबेनला तर नाहीच – आणि आता तोही गेला. दोन महिने झाले. लाखनीच्या घरात खिडकीपाशी बसून लिहितो आहे; दिवसाला पाच-सहा ओळी होतात, त्यातल्या दोन खोडतो. पण हे पुरं करणार आहे, एवढं ठरलं आहे.

आधी मंडळ म्हणजे काय ते सांगतो. कोकणातल्या बेने इस्रायल घरांतली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरांतली मुलं कॉलेजसाठी पुण्याला येत. एका निवृत्त मास्तरांनी आपल्या घराचा वरचा मजला त्यांना राहायला दिला होता. मुलांनीच मग त्याचं बंधुमंडळ केलं, चिटणीस नेमला, नियम रजिस्टरात लिहिले. दूध आणि मटण एका ताटात यायचं नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळ्यांनी घरी. वर्षाच्या सुरुवातीला मलिदा करायचा – पोहे, गूळ, खोबरं, फळं – एलियाहू पैगंबराच्या नावाने. मी तिथे राहायला गेलो तेव्हा मंडळाला बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर आधीच्या मुलांचे फोटो होते. कुणी रेल्वेत लागलेले, कुणी इस्रायलला गेलेले.

मी बेने इस्रायल नाही. भंडारा जिल्ह्यातल्या हिंदू कुटुंबातला आहे. आडनाव पवनीकर.

रूबेन मला प्रवेशाच्या रांगेत भेटला. माझ्या हातातला अर्ज वाचून त्याने विचारलं, "पवनीकर? म्हणजे आपल्यातलाच का रे?" त्यांची आडनावंही अशीच गावांवरून पडलेली, शेवटी 'कर' लागलेली. कॉलेजच्या वसतिगृहात मला जागा मिळाली नव्हती. ओळखीच्या एकाच्या दुकानात, मालाच्या पोत्यांना टेकून आठवडाभर झोपलो होतो. मी हो म्हणालो.

एक शब्द. मग त्याला शेपूट लावत गेलो. आजोबा कोकणातून जंगल खात्यात आले, आंबागडकडे राहिले, रीतभात विसरली – असं काहीबाही. कुणी तपासलं नाही. का तपासतील? उलट मुलांना माझी कीव आली. त्यांनी देवनागरीत लिहिलेली हिब्रू प्रार्थनेची वही मला दिली, आणि मला पाठांतर चांगलं जमायचं. महिन्याभरात माझे उच्चार त्यांच्यातल्या तिघांपेक्षा स्वच्छ झाले. मलिद्याचे पोहे तर दर वर्षी मीच घरून नेत असे, आमच्या धानाचे. माझ्या तोंडून कधी 'मले' निघून गेलं की रूबेन म्हणायचा, "अरे भाऊ, तुमच्या जंगलात देवालाही मले-तुले करता काय?" सगळे हसत. मीही हसत असे.

इथपर्यंतचं तुम्ही मला माफ कराल, असं वाटतं. एकोणीस वर्षांचा पोरगा, डोक्यावर छप्पर हवं होतं. इथवर थांबलो असतो तर मीही स्वतःला माफ केलं असतं. म्हणून तर इतकी वर्षं मनातल्या मनात ही गोष्ट मी इथवरच सांगत आलो.

रूबेन आठव्या दिवशी परत आला तो सामान बांधायला. त्यांच्यात वडिलांसाठी मुलाने अकरा महिने रोज कद्दिश म्हणायचं असतं. ती प्रार्थना एकट्याने होत नाही. दहा पुरुष लागतात, त्यांच्यातलेच. नऊ असले तर तोंड उघडायचं नाही. गावात त्याचे काका होते, तिथे रोज दहा जमणार होते. कॉलेजचं वर्ष गेलं तर गेलं, असं म्हणून त्याने ट्रंक उघडली. मग हात थांबला. खोलीत आम्ही सगळे उभे होतो. त्याने एकेकाकडे बघत मोजलं. माझ्यावर संपलं.

"आपण दहा आहोत की," तो म्हणाला. आणि ट्रंकेवर बसून रडला.

तेव्हा बोलायचं होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पण हेही ते नव्हे. मी अजून त्याच्याभोवतीच फिरतो आहे, कळतं मला.

दोन गल्ल्या सोडून अब्राहमकाका राहत. दवाखान्यात कंपाउंडर होते, नुकतेच निवृत्त झालेले. हिब्रू त्यांना अर्थासकट येई, आणि कोकणातली सगळी घराणी तोंडपाठ – कोण कुणाचा मेव्हणा, कोण कधी कुठे बदलून गेला. रूबेनबद्दल कळल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी आले. रूबेन आंघोळीला गेला होता. मी जिन्याच्या तोंडाशी होतो. काका अर्ध्या जिन्यात दम खायला थांबले आणि खालूनच म्हणाले, "रूबेनला सांग, मी येत जाईन रोज. एखादा आजारी पडतो, एखाद्याची परीक्षा असते. अकरावा असलेला बरा."

बघा – मला काही कबूल करायचीसुद्धा गरज नव्हती. फक्त म्हणायचं होतं, या काका. ते आले असते आणि दहा खरोखर झाले असते. माझं खोटं तसंच राहिलं असतं आणि रूबेनची प्रार्थनाही झाली असती.

पण रोज येणाऱ्या अब्राहमकाकांनी मला चार दिवसांत ओळखलं असतं. तुझे आजोबा कोण, कुठल्या गावचे, आजीचं माहेर कुठलं – मी काय सांगणार होतो?

मी म्हणालो, "काका, कशाला रोज जिना चढता? आम्ही दहा आहोत. रूबेनच म्हणाला, काकांना त्रास देऊ नका."

रूबेन असं काही म्हणाला नव्हता.

"बरं बाबा, तरुण मंडळी आहात," काका म्हणाले, कठडा धरून वळले आणि उतरून गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. त्यांनी वळून पाहिलं नाही. ते येऊन गेले हे मी रूबेनला सांगितलं नाही.

त्यानंतर अकरा महिने, रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी, मी त्या खोलीत टोपी घालून उभा राहिलो. रूबेन म्हणत असे आणि आम्ही आमेन म्हणत असू. माझा आवाज मोठा होता. सुट्टीतही कुणी घरी गेलं नाही, आणि मी तर एकही दिवस चुकवला नाही. मी चुकवला असता तर ते कुणा दुसऱ्याला बोलवायला गेले असते; तेवढ्यासाठी अंगात ताप असतानाही उठलो. रूबेनला ती माया वाटली. जन्मभर सांगत राहिला, "माझ्या बापाचं कद्दिश पवनीकरमुळे झालं."

मैत्री टिकली, आणि खोटंही तिच्यासोबत टिकवावं लागलं. मी त्याला लग्नाला बोलावलं नाही. कामानिमित्त तो एकदा नागपूरला आला, लाखनीला येतो म्हणाला. मीच नागपूर गाठलं आणि त्याला स्टेशनवरच भेटलो, कारण घरात देवघर होतं आणि दारावर गणपती. त्याला कधी कळलं असेल का? कळूनही गप्प राहिला असेल का? या विचाराने बरं वाटतं, म्हणूनच तो मी बाजूला ठेवतो.

तो गेला तेव्हा त्याच्या मुलीचा, हॅनाचा फोन आला. गावात त्यांची आता दोन-तीनच घरं उरली आहेत. ठाण्याहून माणसं येईपर्यंत प्रार्थना थांबवावी लागली. "काका, शोकाच्या सात दिवसांत तरी या. तुम्ही आलात की मोजायला एक कमी पडणार नाही," ती म्हणाली. मी ताप असल्याचं सांगितलं. ताप नव्हता.

महिन्याभराने पुन्हा तिचा फोन आला. मंडळाचा इतिहास छापायचा आहे, वडिलांची इच्छा होती. बाकीचं तिने जमवलं आहे. वडिलांच्या त्या वर्षावरचं प्रकरण मी लिहावं. वर्षश्राद्धाला ती ते सगळ्यांसमोर वाचणार आहे.

लिहायला बसलो तर सुमन, माझी बायको, चहा घेऊन आली. "काहून जी, पेन्शनवाल्याले कोन्ता पेपर आला? सकाळपासून खोडून राहिले."

"पुण्याच्या मित्राबद्दल आहे."

"ज्याले तुमी जनमभर घरी नाही आनलं, तो?"

मी लिहिलेली पानं तिच्या हातात दिली. तिने उभ्यानेच वाचली, चहा निवला तरी वाचत होती. खोटे आजोबा रचले, धर्म लपवला, त्याबद्दल काही बोलली नाही. पानं खाली ठेवून एवढंच म्हणाली, "त्या म्हाताऱ्याले काहून वापस पाठवलं जी?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते इथे लिहिलं आहे. मला भीती वाटली आणि मी माझी जागा वाचवली. किंमत रूबेनच्या वडिलांनी आणि रूबेनने दिली.

काल हॅनाला फोन केला. सगळं सांगितलं, अब्राहमकाकांसकट. ती म्हणाली, "अकरा महिने?" मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला.

आज सकाळी प्रकरण पोस्टात टाकलं. त्यात लिहिलं आहे की त्या वर्षी मंडळात नऊ सभासद होते आणि रूबेनच्या वडिलांसाठी एकदाही दहा जमले नाहीत. का जमले नाहीत, तेही माझ्या नावानिशी लिहिलं आहे. त्या नऊ जणांपैकी तिघे आज हयात आहेत. तिघांनाही तीच पानं पाठवली आहेत.