हवालदारांची कॉफी आणि पाखरी म्हैस

सेहेचाळीस साली हवालदार भाऊसो लढाईवरून परतले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन मेडलं, एक खाकी ब्लँकेट आणि एक दोन मजली पितळी भांडं होतं. मेडलं त्यांच्या बायकोनं, हरणाबाईनं, देव्हाऱ्यात ठेवली. ब्लँकेट अंथरुणात गेलं. भांड्याचं काय करायचं ते मात्र तिला कळेना, कारण त्याच्या वरच्या मजल्याला बुडाशी भोकंच भोकं होती.

"गळकं भांडं एवढ्या लांबनं वाहून आणलंत व्हय?" ती म्हणाली.

ते कॉफीचं भांडं होतं. बंगलोरच्या छावणीत एका मद्रासी जमादारानं भाऊसोंना कॉफीची दीक्षा दिली होती, आणि निरोपाला हे भांडं. वाळवा तालुक्यातल्या त्या कृष्णाकाठच्या गावात तेव्हा चहासुद्धा पाव्हणा आला तरच व्हायचा. कॉफी म्हणजे औषध, तेही शहरातल्या लोकांचं.

तसं पाहिलं तर भाऊसोंना औषधाची गरज होतीच. मूळचा गरीब गाय असलेला हा माणूस लढाईवरून परतला तो जमदग्नी होऊन. सकाळी डोळा उघडला की आवाज चढलाच. कोंबड्या रांगेत का चालत नाहीत, इथपासून सुरुवात. एकदा पाणी कोमट निघालं म्हणून त्यांनी तांब्याच्या घंगाळाला लाथ घातली. घंगाळ जागचं हललं नाही, पण भाऊसोंचा अंगठा वांग्याएवढा झाला. सारं गाव हसलं. भाऊसो मात्र आतून घाबरले. आज घंगाळ होतं, उद्या समोर माणूस असला तर? ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी गपचूप सांगली गाठली आणि पेठेतल्या एका कानडी दुकानदाराकडून कॉफीची पूड आणली.

तेव्हापासून उजाडताना भाऊसो गोठ्याच्या जोत्यावर बसायचे. भांड्यातून काळा रस थेंब थेंब खाली उतरायचा आणि ते त्याच्याकडे जावई बघावा तसे कौतुकानं बघायचे. मग पाखरी म्हशीचं दूध, गूळ आणि चिमूटभर जायफळ. डोळे मिटून घोट घोट प्यायचे. पेला रिकामा होईतो त्यांच्याशी बोलायचं नाही, हा घरचा कायदा. शेजारचा गुंडा एकदा धावत येऊन ओरडला, "भाऊसो, तुमचा बैल माज्या उसात शिरलाय!" भाऊसोंनी नुसतं बोट वर केलं. गुंडा उभा राहिला, बैल ऊस खात राहिला. पेला संपल्यावर मात्र भाऊसोंनी इतक्या गोडीनं माफी मागितली, की गुंडाच ओशाळला. कॉफी पोटात गेली की भाऊसोंचा राग कुठल्या कुठे पळायचा. गरज असलेला माणूस कॉफी झाल्यावर यायचा आणि कधी रिकाम्या हातानं जायचा नाही.

हरणाबाई ते पाणी तोंडात घेत नव्हती, पण तिला ते मान्य होतं. घरात शांतता मिळत असेल तर नवरा डांबर प्याला तरी तिची हरकत नव्हती.

आता हरणाबाई पडली काटकसरी. भांड्यात उरलेला चोथा टाकून द्यायला तिचा हात धजेना. शेंगदाण्याचं तेल काढलं की उरते ती पेंड, आणि पेंड म्हशीची. मग कॉफीचा रस काढल्यावर उरते तीही पेंडच की! नेमकं त्याच दिवसांत पाखरीचं रेडकू गेलं आणि ती दूध चढवायला लागली, कासेतच रोखून धरायला लागली. हरणाबाईनं तिच्या भिजवलेल्या खुराकात, आंबोणात, चोथा कालवला. पाखरीनं घमेलं चाटून लख्ख केलं आणि घळाघळा पान्हा सोडला. झालं! त्या दिवसापासून घरात कॉफीबाज दोन झाले.

पुढच्या श्रावणात कृष्णेला पूर आला. नाव बंद, सांगली बंद. पूड संपत आली आणि त्यातच लेक रंगूबाई बाळंतपणाला घरी आलेली. तिच्या अंगावर दूध कमी, त्यामुळे बाळाला पाखरीचं वरचं दूध लागायचं. भाऊसो एकाच पुडीवर पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतायला लागले. ते स्वतः तो गढूळ काढा नाक दाबून प्याले. पाखरीनं मात्र तो निचरा झालेला चोथा हुंगला, फुरफुरली आणि मान फिरवली. तिला पहिल्या पाण्याचाच चोथा लागत होता. दुधाचा थेंब नाही. आत बाळ रडायला लागलं.

भाऊसोंच्या ट्रंकेत मोज्यात बांधलेली शेवटची मूठभर पूड होती. अगदीच डोकं फिरलं तर असू द्यावी, म्हणून हरणाबाईलाही न सांगता लपवलेली. बाळाचं रडणं ऐकत ते ट्रंकेपाशी जरा वेळ बसले. मग मोजा घेऊन गोठ्यात गेले आणि सगळी पूड कोरडीच आंबोणात ओतली. पाखरीनं त्या दिवशी कासंडी काठोकाठ भरली, आणि दिवसभर खुंट्याभोवती नाचत राहिली.

दुसऱ्या सकाळी घरात कॉफीचा कणही नव्हता. हरणाबाईनं घंगाळ आधीच मागच्या परड्यात नेऊन ठेवलं. गुंडानं आपलं दार लावून घेतलं. भाऊसो उठले, आणि छातीत तो जुना राग कढासारखा वर यायला लागलेला त्यांना कळला. काय करावं ते सुचेना, म्हणून ते तडक गोठ्यात गेले आणि पाखरीजवळ बसले. पाखरीही लाल डोळे करून उभी होती.

"तुजं बी डोस्कं दुकतंय न्हवं?" ते हळूच म्हणाले. "माजं बी दुकतंय गं. न्हाईच कापी, तर काय करायचं आपून?"

ते तिची मान खाजवत बसले. जमादाराची गोष्ट सांगितली, सांगलीच्या दुकानाची सांगितली. बोलता बोलता कासेला हात लावला. बऱ्याच वेळानं पहिली धार कासंडीत वाजली.

हरणाबाई दारात येऊन उभी राहिली. न राहवून तिनं विचारलं, "आवं, आज वरडला न्हाईसा?"

"हळू बोल," भाऊसो मान न वळवता कुजबुजले. "म्हस पान्हवलीया. वरडलो तर दूध चढवंल आन् पोरगं उपाशी ऱ्हाईल. वरडू कसा?"

हरणाबाईनं पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते हसण्याचं की कशाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती नवऱ्याच्या शेजारी खाली बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मग उद्याधरनं म्हस घरात, सोप्यातच बांधूया."