मामांची उष्णता

तमाम बजाजनगरकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की आमच्या टँकरवाल्या मामांनी मटण कमी केले आहे!

दुष्काळात हे मामा गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा करून अशी आरोळी ठोकत, की दौलताबादच्या किल्ल्यावरची माकडं दचकावीत. पोटाचा विषय निघाला की मात्र तोच आवाज पार खाली जायचा. "उष्णता हाय," एवढंच पुटपुटायचे. त्यांचे वडील, म्हणजे आबा, आणि चुलतेही या 'उष्णते'नंच गेले. खरं तर तो आतड्याचा कॅन्सर होता. पण कुठं झाला हे सांगायची लाज, म्हणून घरानं उष्णतेवर भागवलं.

मामांचं ऑपरेशन वेळेत झालं. डॉक्टरांनी बजावलं, "थोडं हे रक्तातूनच आलंय, त्यात तुमचं रोजचं मटण आणि भाजीचं वावडं. त्रास नसला तरी भावांना तपासून घ्या." मामा भावांना फोन लावत आणि पावसापाण्याचं बोलून ठेवून देत.

मग खुलताबादला त्यांच्या घरची कंदुरी झाली. नवसाचं बकरं, सगळे भाऊबंद पंगतीला, मलाही आवतण. मामा मान खाली घालून डब्यातली मेथी-भाकरी खात होते.

धाकटा भाऊ खिदळला, "काय दादा, बकऱ्याचा चारा तूच खातो व्हय?"

पंगत हसली. मामांचे कान लाल झाले. ते ताडकन उठले आणि थेट टँकरवाल्या आवाजात ओरडले,

"हसू नका रे! संडासात रक्त पडतं का कुणाच्या? माझ्या पडत व्हतं, आबाच्याबी पडत व्हतं! लाजू नका, हात वर करा!"