बर्नी झालोकार आणि मार्लीनचा डावखुरा

बर्नी झालोकारच्या मते क्लीव्हलँडच्या बेसबॉल टीमचा कारभार गेली चाळीस वर्षं चुकीच्या माणसांच्या हातात आहे. योग्य माणूस आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस कापत उभा आहे, एवढं मालकांच्या लक्षात आलेलं नाही, इतकंच. हे ती तक्रार म्हणून सांगत नाही. बाहेर बर्फ पडतंय म्हणावं तसं सांगते.

ती माझी भावजय. माझा थोरला भाऊ फ्रँक तिचा नवरा. तो कामाला होता तो कारखाना बंद पडला तेव्हा फ्रँक पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर बसला आणि हिवाळा संपला तरी उठला नाही. एका सकाळी बर्नीने दोन शेजाऱ्यांना बोलावून सोफा उचलला, फुटपाथवर नेऊन ठेवला आणि त्या जागी आरसा नि खुर्ची आणली. दुकान झालं आणि फ्रँकही उठला. पुढे मरेपर्यंत तो जमिनीवरचे केस झाडायचा आणि रेडिओवर मॅच लावून द्यायचा. तो गेल्यावर केस मी झाडते. रेडिओ मात्र बर्नी कुणाला हात लावू देत नाही.

मार्च महिना हा त्या दुकानातला खरा हंगाम. टीम अ‍ॅरिझोनाच्या उन्हात सराव करत असते, आमच्याकडे तळ्यावरून वारा येत असतो, आणि कुणाला ठेवायचं, कुणाला विकायचं, कुणाच्या बदल्यात कोण आणायचा, हे सगळं रोलर आणि हेअर ड्रायरच्या मध्ये ठरतं. बायका सुनांबद्दल जेवढ्या बोलत नाहीत तेवढ्या दुसऱ्या बेसवरच्या नव्या मुलाबद्दल बोलतात.

त्या गुरुवारी कॅचरचा, म्हणजे बॅट धरणाऱ्याच्या मागे उकिडवं बसून बॉल झेलणाऱ्याचा, विषय चालला होता. स्टॅन मोदिच खिडकीपाशी बसले होते. ऐंशीच्या घरातले, डोक्यावर मोजून काही केस, पण दर पंधरवड्याला केस कापायला हजर.

"याचे गुडघे गेलेत," बर्नी म्हणाली. "मागच्या सप्टेंबरात उठताना कण्हत होता. रेडिओवर ऐकू आलं मला."

"माझेही गेलेत. मी तक्रार करतो का?"

"स्टॅनकाका, तुम्हाला कुणी नऊ इनिंग उकिडवं बसायला सांगत नाही."

"सांगून तर बघ. बसेन. मग उचलायला दोघं लागतील."

खुर्चीत मार्लीन ग्र्दिना होती, दर गुरुवारची. ती ईस्टरच्या आधी नेहमी केस कुरळे करणारा पर्म करून घेते. बर्नीने तिचे केस बारीक रोलरवर गुंडाळले होते आणि औषध लावून नुकतंच संपवलं होतं. मी टॉवेल घेऊन मागे उभी होते. मार्लीन असली की दुकानात एक गोष्ट पाळली जायची. राखीव डावखुऱ्या पिचरांचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांचा, विषय कुणी काढायचा नाही, आणि निघालाच तर गोड बोलायचं. कारण त्यातला एक मार्लीनचा मुलगा होता.

डॅनी आमच्या चर्चमधला पोरगा. लहानपणी चर्चमध्ये त्याचा पहिल्या कम्युनियनचा विधी झाला तेव्हा त्याचे केस बर्नीने कापलेले. तीन हंगाम टीमने त्याला खालीवर केलं. दोन आठवडे मोठ्या टीममध्ये, मग परत कोलंबसच्या धाकट्या टीममध्ये. तीन वर्षं असं करता येतं. चौथ्या वर्षी ती मुभा संपते. मग मुलाला वर ठेवायचं, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायचं. हे चौथं वर्ष होतं.

आणि मार्लीनला तो इथेच हवा होता. तिच्या नवऱ्याचा, एडचा, एक पाय साखरेने नेलाय. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. विमानाने कुठे जाणं शक्य नाही. डॅनीला मोठ्या मैदानावर बॉल टाकताना त्याने फक्त टीव्हीवर पाहिलंय, कारण पोराला जेव्हा जेव्हा वर बोलावलं तेव्हा टीम नेमकी परगावी होती. आमच्या गल्लीतून मैदान गाडीने वीस मिनिटांवर. व्हीलचेअर लावायला जागा आहे. एडसाठी नवं जाकीटही आणून ठेवलं होतं मार्लीनने. महिनाभर ती प्रत्येकाला विचारत होती, राहील ना? आणि सगळे म्हणत होते, राहील तर, न राहायला काय झालं.

आता तिने आरशातून बर्नीकडे पाहिलं. "तू काहीच बोलत नाहीस, बर्नी. डॅनी राहील ना?"

"राहील बहुतेक," बर्नी म्हणाली.

मार्लीनने डोळे मिटून श्वास सोडला. बर्नी तिथे थांबली असती तर काही बिघडलं नसतं.

"पण राहू नये," बर्नी म्हणाली.

मी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

"काय म्हणालीस?"

"चार डावखुरे आहेत आपल्याकडे. डॅनी चौथा. टीम सात रनांनी मागे असेल तेव्हा त्याला उतरवतील. बाकीचे दिवस बाकावर सूर्यफुलाच्या बिया चघळत बसेल. ऑगस्टात कुणीतरी बरा होऊन परत आला की याला सोडून देतील, आणि तेव्हा त्याला कुणी विचारणार नाही. द्यायचा तर आत्ता द्यायचा. डेट्रॉइटकडे धड एक डावखुरा नाही आणि कॅचर एक जास्तीचा आहे. डॅनी त्यांना, कॅचर आपल्याला. डेट्रॉइट काही लांब नाही, तीन तासांचा रस्ता. एडला गाडीत घालून नेता येईल."

"डेट्रॉइट आपल्याच गटात आहे, पोरी," स्टॅन खिडकीकडे बघत म्हणाले. "शेजाऱ्याला सुरी कोण विकतं?"

"गरज असली की विकतात."

मार्लीनने गळ्याभोवतीचा कपडा ओढायला सुरुवात केली. "काढ हे रोलर. मला घरी जायचंय."

"नाही काढता येणार. आत्ता धुतलं तर निम्मे केस सरळ राहतील, आणि तशीच गेलीस तर जळतील. दहा मिनिटं बस."

"मला नाही बसायचं."

"मग उभी राहा. पण दहा मिनिटं इथेच राहा."

मार्लीन उभी राहिली. डोकंभर गुलाबी रोलर, कपाळावर कापसाची पट्टी, डोळ्यांत पाणी. ते औषधाचं की कशाचं, कुणी विचारलं नाही. रागावून निघून जाणारं माणूस निघून जाऊ शकत नाही म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. ती दारापर्यंत गेली, परत आली आणि शेवटी दुसऱ्या खुर्चीत आमच्याकडे पाठ करून बसली.

तेवढ्यात रेडिओवरचा माणूस म्हणाला की आठव्या इनिंगला डॅनी ग्र्दिना येतोय.

बर्नीने आवाज वाढवला. पहिल्याला त्याने चार बॉल बाहेर टाकून फुकट बेस दिला. मार्लीनने खुर्चीचा हात धरला. दुसरा आऊट. तिसरा बॅट फिरवून फिरवून आऊट. चौथ्याने उंच मारला, आणि तो कुणीतरी आरामात झेलला. रेडिओवरचा माणूस म्हणाला, या पोराच्या बॉलला यंदा चांगलं वळण आलंय.

"ऐकलंस?" मार्लीन मागे न वळता म्हणाली.

"ऐकलं. म्हणून तर म्हणते. आज त्याला भाव आहे."

वेळ झाल्यावर बर्नीने तिला बेसिनपाशी नेलं, पाणी कोमट आहे का ते आधी आपल्या मनगटावर पाहिलं आणि नेहमीइतक्याच हलक्या हाताने केस धुतले. पर्म सुंदर झाला होता. मार्लीनने आरशात पाहिलंही नाही. बिल दिलं आणि कोट हातातच घेऊन थंडीत बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे आमच्या स्लोव्हेनियन लोकांच्या हॉलमध्ये, ईस्टरआधीच्या मांस न खायच्या उपासांतला तळलेला मासा. मार्लीन आणि एड आमच्या टेबलावर आले नाहीत, भिंतीकडच्या टेबलावर बसले. जो तो येऊन मला विचारू लागला, बर्नीला गरज काय होती? परत येताना गाडीत मीही तेच विचारलं.

"गोड बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

"गोड बोलणारे महिनाभर बोलतच होते," बर्नी म्हणाली. "त्यांच्यावर तिचा विश्वास बसला असता तर तिने मला विचारलं असतं का?"

"एडचा तरी विचार करायचास."

"केला. डॅनीचाही केला." सिग्नलला गाडी थांबली होती. "फ्रँकला टेनेसीच्या कारखान्याने बोलावलं होतं, आठवतं? तुमची आई रडली. तो राहिला. आणि मग घराजवळ राहून काय केलं त्याने? मी कामावरून घरी येऊन रोज बघत होते त्याला, सोफ्यावर."

हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

मार्लीन पुढच्या गुरुवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ती मॉलमधल्या कुठल्याशा मुलीकडे जाते, असं कळलं. बर्नी तिची वेळ दुसऱ्या कुणाला देत नव्हती. अर्धा तास खुर्ची रिकामी ठेवायची आणि रेडिओ ऐकायची. पण मत तिने बदललं नाही. उलट येईल त्याला डेट्रॉइटचा सौदा पटवून द्यायची, इतक्या खात्रीने की दोघीतिघी घरी जाऊन नवऱ्यांना सांगून आल्या, सौदा झाल्यातच जमा आहे.

ईस्टरच्या आधीच्या सोमवारी स्टॅनकाकांचा फोन आला. मीच उचलला.

"दिला," ते म्हणाले. "डॅनीला दिला. बदल्यात कॅचर घेतला."

मी बर्नीला सांगितलं. तिने कात्री खाली ठेवली. "सांगितलं नव्हतं मी? डेट्रॉइट."

"डेट्रॉइट नाही. सिएटल."

सिएटल देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथली मॅच सुरू होते तेव्हा आमच्याकडे माणसं दात घासून झोपायच्या तयारीत असतात. खुर्चीतल्या बाईचे अर्धे केस कापायचे राहिले होते. बर्नीने ते पूर्ण केले, पण पुढचा तासभर तिने कुठल्याही खेळाडूबद्दल चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. त्या दुकानात असं मी फ्रँक गेला तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

बुधवारी दुकान गच्च भरलं होतं. ईस्टरला सगळ्यांनाच केस नीट हवे असतात. घरोघरी पोटित्सा, अक्रोड भरलेला गोड पाव, भाजायचा असतो, शनिवारी हॅम नि अंडी टोपलीत घालून चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायची असतात, आणि त्यात गुरुवारपासून हंगाम सुरू. त्या गर्दीत दार उघडून मार्लीन आत आली. डोक्याला रुमाल. सगळ्या बायका एकदम आपापल्या मासिकांत बघू लागल्या.

"तू डेट्रॉइट म्हणाली होतीस," मार्लीन म्हणाली.

"म्हणाले होते. चुकलं माझं."

"तीन तासांचा रस्ता म्हणाली होतीस. एडला नेता येईल म्हणाली होतीस."

"हो."

बर्नीने एवढंच म्हटलं. मार्लीन बहुधा भांडायच्या तयारीने आली होती. तिने रुमाल सोडला. मॉलमधल्या मुलीने टोकं कापायच्या नावाखाली एक बाजू कानाच्या वर नेली होती.

बर्नीने तिच्याभोवती फिरून पाहिलं. "त्या मुलीला कोलंबसला पाठवा," ती म्हणाली. "दोन वर्षं वर बोलावू नका."

कुणीतरी मासिकाआड हसलं. बर्नीने खुर्चीतल्या माझ्या मावसबहिणीला उठवून बाकावर बसवलं आणि मार्लीनला खुर्चीत घेतलं.

"एड काय म्हणतो?" बर्नीने विचारलं.

"काय म्हणणार. पोराने आधी त्यालाच फोन केला. तिथल्या मॅनेजरने सांगितलंय की मॅच अटीतटीची असली की आठवी इनिंग तुझी. रोज नाही, पण तुझी." मार्लीनने नाक पुसलं. "मला वाटलं एड रडेल. तो म्हणाला, बाकावर बसलेला मुलगा बघायला मला व्हीलचेअरमधून कशाला नेतेस? बसलेला तर मी घरीच आहे. आता दुपारी झोप काढतो, रात्री ऐकायला जागता यावं म्हणून. जूनमध्ये ते इथे खेळायला येणार आहेत. तोवर थांबेन म्हणाला."

"थांबेल," बर्नी म्हणाली. एडच्या डॉक्टरांनीही इतक्या खात्रीने सांगितलं नसतं.

"आणि तेव्हा तू कुणाच्या बाजूने?"

"आपल्या टीमच्या. डॅनीने पहिल्याला आऊट केलं तर टाळ्या वाजवीन. त्यानंतर नाही."

मार्लीनने आरशातून तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, पुन्हा उठते ही. पण तिने मान सरळ केली, म्हणजे बर्नीला दोन्ही बाजू सारख्या करता याव्यात.

"तो कॅचर कसा आहे ते सांग," ती म्हणाली. "मी माझा मुलगा दिलाय त्याच्या बदल्यात. मला कळू तरी दे."

दुकानातली मासिकं खाली झाली. बर्नीच्या अंगात पुन्हा जीव आला.

"हात सोन्याचा. त्याच्यासमोर कुणी बेस चोरून दाखवावा. गुडघे पंचवीस वर्षांचे. पिचरला सांभाळून घेतो, डोळे वटारत नाही."

"आणि बॅट?"

बर्नीने कंगवा पाण्यात बुडवला. "बॅटचं विचारू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे धरतो."

खिडकीपाशी बसलेले स्टॅनकाका म्हणाले, "दोन्ही हातांनी धरतो, असं ऐकलंय."

"एवढंच?" मार्लीन खुर्चीत वळली. कात्री तिच्या कानाला लागता लागता राहिली. "बॅट न येणारा एक कॅचर, आणि बदल्यात माझा डॅनी? फसवलं की आपल्याला. तू असतीस तर काय मागितलं असतंस?"

"आणखी एक. मैदानाच्या कडेला धावणारा, तरुण."

"मागायलाच हवा होता," मार्लीन म्हणाली. "डॅनी दोघांच्या तोडीचा आहे."

"दोघांच्या नाही. दीडाच्या."

"दोघांच्या," मार्लीन म्हणाली, आणि यावर त्यांचं सुरू झालं ते माझी मावसबहीण कंटाळून घरी जाऊन परत आली तरी चालूच होतं.