अण्णाच्या बिनऔषधाच्या मेंढ्या

वहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात भाजी निवडत बसले होते. तंजावरजवळच्या पापनाशमहून, माहेराहून, फोन यायचा तो अण्णाचा, आणि तोही कशाची तरी तक्रार करायला. स्क्रीनवर वहिनींचं नाव दिसलं आणि कळायचं ते मला कळलं. दुपारचं जेवण करून तो आरामखुर्चीत टेकला होता, वहिनी कॉफी घेऊन गेल्या तर प्राण गेलेला. पाठोपाठ त्या जे बोलल्या, ते मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. "लवकर ये. माणसं जमायलीत. हे नाहीत म्हणून कोणी तरी मेंढ्यांना औषध पाजून टाकतील. मला भय वाटते." नवऱ्याचा देह अजून घरात, आणि या बाईला मेंढ्या सुचतात कशा, असं मला त्या क्षणी वाटलं. आज वाटत नाही.

अण्णा माझा सख्खा थोरला भाऊ. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. मी लग्न होऊन पुण्याला आले म्हणून देवनागरी शिकले. अण्णाला काही हा लेख वाचता आला नसता, आणि मी वाचून दाखवला असता तर वाक्यावाक्याला मला अडवून त्याने माझा जीव खाल्ला असता. तो गुरांचा सरकारी डॉक्टर. ओरत्तनाडूपासून पापनाशमपर्यंतची गावं त्याने मोपेडवरून पालथी घातली. स्वभाव तापट, पण हाताला गुण होता आणि लोक त्याला देव मानायचे, हे काही मी बहीण म्हणून सांगत नाही. आमच्याकडे भात निघालं की दक्षिणेकडून मेंढपाळ कळप घेऊन येतात. शेतमालक आपल्या मोकळ्या शेतात त्यांच्या मेंढ्या बसवून घेतात, शेताला लेंडीखत मिळतं, आणि मग कळप पुढच्या शेतात जातो. याला किडै म्हणतात. अण्णाने या किडैला एक शिस्त लावली होती. नव्या शेतात शिरण्याआधी कळपातल्या एकूण एक मेंढीला जंताचं औषध पाजायचं, म्हणजे घाण मागे राहते आणि कळप स्वच्छ होऊन पुढे जातो. त्या काळी सगळेच डॉक्टर हेच सांगत. पण अण्णाने ते इतकं अंगवळणी पाडलं, की मेंढपाळ देवाला नारळ फोडावा तसं आधी औषध पाजून मगच बांध ओलांडायचे.

मग एका वर्षी मुत्तय्या मेंढी खांद्यावर घालून दारात आला. मुत्तय्या आमच्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या शेतात किडै घालणारा मेंढपाळ, अण्णाला 'सार' म्हणजे सर म्हणणारा. मेंढीच्या जबड्याखाली पाणी साचून सूज पिशवीसारखी लोंबत होती, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक, म्हणजे जंतांनी रक्त प्यायलेलं, आणि औषध तर नुकतंच पाजलेलं. अण्णाने आधी मुत्तय्याला झापलं, पाणी घालून पाजलंस म्हणून. मग दुकानदाराला झापलं, माल जुना दिलास म्हणून. शेवटी स्वतःच्या हाताने पाजलं, आधीची आणि नंतरची लेंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर जंतांची अंडी जेवढीच्या तेवढी. औषध बदललं. ते काही वर्षं चाललं आणि तेही पडलं. असं करत करत लागू पडणारं एकच औषध उरलं. त्या सुमारास मी माहेरी गेले होते. परसात नारळाखाली बसून, मला लहानपणीच्या लाडक्या नावाने हाक मारून तो म्हणाला, "कुट्टी, औषधाने मरणारे जंत सगळे आम्ही मारलो. न मरणारे तेवढे उरले. आणि तेच घेऊन दरवर्षी स्वच्छ शेतात गेलो. मीच पेरलो गं, गावोगावी." त्याचा चेहरा पाहून मला भरून आलं, म्हणून मी चेष्टेवर नेलं. म्हटलं, मग आता जंत पाळ! तो हसला नाही. "तेच करतोय," म्हणाला.

आणि खरंच तो तेच करत होता. निवृत्तीनंतर त्याने स्वतः थोड्या मेंढ्या ठेवल्या होत्या. त्यांतल्या धडधाकट मेंढ्यांना तो औषध शिवू देत नसे. त्यांच्या पोटात जे साधे, औषधाला भिणारे जंत आहेत ते जगले पाहिजेत, ते चिवट जंतांत मिसळले पाहिजेत, तरच हे शेवटचं औषध आणखी काही वर्षं पुरेल, असा त्याचा हिशोब. आजारी दिसेल तिलाच पाजा, बाकीच्या सोडा, हे सांगत तो पुन्हा गावोगाव फिरला. पण ज्या तोंडाने आयुष्यभर "एकही सोडू नका" म्हटलं, त्याच तोंडून हे ऐकायला कोण तयार होणार? म्हातारा चळला, म्हणाले. कपाटात औषध असून मेंढीला देत नाही, म्हणाले. त्यातच हृदयाचं दुखणं मागे लागलं. रागावला की धाप लागायची, आणि रागवायचा तर तो रोजच. मुत्तय्या तेवढा समोर उभा राहून सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा. मुत्तय्याला पटलंय, या एका गोष्टीवर अण्णाने शेवटची वर्षं काढली.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. पंगत उठत होती आणि परसातून मेंढ्यांचा गलका ऐकू आला, म्हणून मी मागे गेले. नारळाला टेकवून अण्णाचा मोठा फोटो, त्याला ताजा हार, आणि फोटोपुढे ओळीने बाटल्या... त्या शेवटच्या औषधाच्या. मेंढपाळांनी आपसांत वर्गणी काढून आणल्या होत्या. आसपासचे सगळे कळप पाजून झाले होते. अण्णाच्या मेंढ्या तर पहिल्या मानाच्या, म्हणून सकाळीच उरकल्या होत्या. वहिनी दारात येऊन त्या बाटल्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मुत्तय्या हात जोडून पुढे आला. "अम्मा, सारच्या तेराव्याला दारातून कुणी उपाशी जायला नको. एकही सोडली नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी माझ्या गंजलेल्या तमिळमध्ये त्याला सगळं सांगितलं. अण्णाला काय हवं होतं, त्या मेंढ्या त्याने कशासाठी राखल्या होत्या, सगळं. त्याने नेहमीसारखं शांतपणे ऐकलं, मान डोलावली. मग माझीच समजूत काढत म्हणाला, "सारही शेवटी शेवटी असंच म्हणायचे. दुखण्यात माणूस काहीबाही बोलतो, अम्मा. आम्ही ते कधी मनावर घेतलं नाही." त्याच्या पाठीमागे कळप बांधावर चढले होते, नुकत्याच कापलेल्या शेतांकडे निघाले होते.

याला काही आठवडे झाले. मेंढ्या सध्या छान दिसतात म्हणे, अंगावर तेज आलंय. पहिल्या खेपेला छानच दिसतात, असं अण्णा सांगायचा. मला भीती वाटते, दुसरा शब्द नाही. काल वहिनींचा फोन आला होता, आवाज अगदी खाली आणून बोलत होत्या. "मुत्तय्या आलाय, बरोबर दुसऱ्या गावची माणसं आहेत. आता सगळ्या गावांनी मिळून दरवर्षी असंच औषध पाजायचं म्हणतात, ह्यांच्या नावाने. मी नको म्हटले तर तेच रडायला लागले गं... फलकावर लावायला ह्यांचा फोटो मागतात. बाहेर बसलेत. कुठला देऊ?"