खाली म्हणजे कुठे

माझी हिंदी केळीच्या ट्रकवर शिकलेली. आमची बाग यावलकडे. केळी कापायच्या दिवसांत उत्तरेकडचे ड्रायव्हर आमच्या ओट्यावर चहा प्यायला बसायचे आणि आबा, म्हणजे माझे वडील, त्यांच्याशी ‘मेरेको-तेरेको’ करत तासभर गप्पा मारायचे. मीही मारायचे. त्यामुळे जळगावला विद्यापीठात पहिल्या वर्षी जादाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी डोळे झाकून ‘प्राथमिक हिंदी’वर खूण केली. फुकटचे गुण, दुसरं काय.

दुसऱ्याच तासाला मॅडमनी मला विचारलं, घर में पढ़ाई कैसे करती हो? मी चटई टाकून जमिनीवर बसते. तेच मी उठून ठणकावून सांगितलं, “मैं खाली बैठती हूँ.”

“खाली क्यों बैठती हो? कुछ पढ़ा करो,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं की हिंदीत खाली म्हणजे रिकामं, जमिनीवर बसायचं असेल तर ‘नीचे’. अर्ध्या वर्गाला हे माझ्याइतकंच नवीन होतं, म्हणून कुणी हसलं नाही. हसली ती एकटी, माझ्याच बाकावरची.

ती चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारी. घरी पावरी बोलायची, मराठी आश्रमशाळेत शिकलेली. आमची तशी मैत्री होती, डबाही एकत्र खायचो. पण त्या दिवसापासून मी तिच्या चुका मोजायला लागले आणि मोजायला काही मिळेना. मराठीतल्या नपुंसकलिंगी शब्दांना हिंदीत कुठे तरी ढकलावं लागतं. नाक स्त्रीलिंगी, दही पुल्लिंगी. मी नेमकं उलट ढकलायचे. तिला मात्र विचारही करावा लागत नसे. एकदा मी बोलूनच दाखवलं, “तुला काय, तुझ्या मामाचं गावच मध्य प्रदेशात. आयतं मिळालंय तुला.”

“मामाकडे निमाडी बोलतात,” ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या डब्यातली भाजी घेतली. मला त्या भाजीचाही राग आला.

हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका विद्यापीठातली मुलं आमच्याकडे केळीची लागवड बघायला येणार होती. त्यांच्या स्वागताचं भाषण आमच्या वर्गातलं कुणी तरी एक जण करणार, असं मॅडमनी सांगितलं. मी त्याच दिवशी घरी फोन करून मोकळी झाले की ते मीच करणार आहे. केळीवर बोलायचं म्हणजे माझ्याशिवाय कोण? आबांनी गावभर केलं. “व्यापाऱ्याले सांगून देलं मी,” ते म्हणाले. “आमची पोरगी हिंदीत भाषन देनार हाये.”

निवडीसाठी प्रत्येकाने एक उतारा वाचायचा आणि दोन मिनिटं बोलायचं होतं. मॅडमनी तिचं नाव घेतलं. केळी आमची, आणि स्वागत ती करणार. तिच्या शेतात ज्वारी होते, घड कापताना तिने कधी पाहिलासुद्धा नसेल. मी तिचं अभिनंदन केलं आणि डबा उघडलाच नाही.

आम्हाला रोज हिंदीत पाच वाक्यं लिहावी लागत. खरी लिहा, गोष्टी रचू नका, अशी मॅडमची अट होती. त्या संध्याकाळी मी खरं लिहिलं. वही मॅडम सोडून कोण बघणार? पण दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, आज एकमेकांच्या वह्या तपासा, दहापैकी गुण द्या. मी वहीवर हात ठेवला, तोवर तिने ती ओढून घेतली होती.

पाचवं वाक्य होतं, ‘मुझे उसका जलन होता है.’

ती वाचत असताना मी तिच्या वहीतली एकही ओळ वाचली नाही. तिने लाल पेनने ‘उसका’ खोडून ‘उससे’ केलं, ‘होता’चं ‘होती’ केलं आणि आठ गुण देऊन वही माझ्यापुढे सरकवली.

“जलन स्त्रीलिंगी आहे,” ती म्हणाली. “हेवा पुल्लिंगी, म्हणून चुकलीस.”

मला रडू यायला लागलं आणि रडायचं नव्हतं म्हणून मी भांडले. “तू त्या दिवशी मला हसलीस.”

“तुला नाही हसले,” ती म्हणाली. “पहिलीत गुरुजी मला म्हणाले, खाली बस. मला मामाकडचं खाली माहीत होतं, म्हणजे रिकामं. मी खाली जागा शोधत बाकांमधून फिरत राहिले. गुरुजींना वाटलं, पोरगी ऐकत नाही. तासभर उभं केलं त्यांनी.” वर्गात अजून वह्या तपासणं चालू होतं. “भाषणाला तू पहिल्या रांगेत बस,” ती म्हणाली. “घड, बुंध्याशी फुटणारी पिल्लं, सगळं तुला विचारून लिहायचंय मला.”

मी हो म्हणाले. मत्सर गेला असं म्हणणार नाही, तो भाषणाच्या दिवशीही होता. पण त्या संध्याकाळी मी आबांना फोन केला आणि सांगितलं, मी नाही, माझी मैत्रीण बोलणार आहे.

आबा म्हणाले, “मंग तू काय करशीन?”

“मी खाली बसणार,” मी म्हणाले. ते मराठीतही खरं होतं आणि हिंदीतही.